इंदूरच्या आसपासच्या रानभाज्या : मंडईतून माळावर, आणि अळंबीपाशी थांबायचं कुठे

पावसाची पहिली झड ओसरली की आठ-पंधरा दिवसांत इंदूरच्या रिकाम्या प्लॉटांवर, बायपासपलीकडच्या अर्धवट कॉलन्यांत, महू रोडच्या माळांवर टाकळ्याची हिरवी पखरण होते. त्यातच केना असतो, कुर्डू असतो, तांदुळजा असतो. आपल्या मराठी घरांत ही नावं अजून ऐकू येतात, पण झाड समोर आलं तर बोट दाखवून सांगणारं माणूस प्रत्येक घरात उरलेलं नाही. ज्यांना रानभाजी नव्याने शिकायची आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. रानभाजी शिकायची ती जंगलात जाऊन नव्हे. आधी मंडई, मग घराजवळचा स्वच्छ माळ, मग ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत, आणि सगळ्यात शेवटी विंध्याचा उतार, असा क्रम ठेवा. हा क्रम उलटा करणारा माणूस पहिल्याच पावसाळ्यात चुकीचं झाड घरी आणतो.

पुण्या-कोकणाकडची रानभाज्यांची माहिती जशीच्या तशी इथे लावू नका. तिकडचं शेवळं आपल्याकडे शोधून उपयोग नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीच्या, काळ्या मातीच्या पठारावर वसलंय, आणि आसपासचं जंगल सागाचं, कोरडं, पानगळीचं आहे. सह्याद्रीइतका पाऊस इथे पडत नाही. सिमरोल, चोरल, मानपूरकडे पठार संपून निमाडात उतरतं, तिथे वनस्पती एकदम बदलतात. इंदूरच्या माळावर दिसलेलं झाड घाटाखाली वेगळ्या रूपात भेटू शकतं, हे मनात असू द्या.

आधी पिशवी घेऊन मंडईत

जुलै-ऑगस्टमध्ये छावणी, नंदलालपुरा, मालवा मिलच्या भाजीबाजारात सकाळी लवकर जा. मोठ्या गाळ्यांकडे नको, जमिनीवर गोणपाट पसरून चार-पाच जुड्या मांडून बसलेल्या बायांकडे जा. त्यांच्याकडे किंकोडा असतो, म्हणजे आपली करटोली. लूणी असते, म्हणजे घोळ. थंडीत बथुआ येतो, म्हणजे चाकवत. आणखी चांगलं म्हणजे महू, मानपूर किंवा सिमरोल बाजूचा आठवडी हाट. तिथे भिल्ल-भिलाला बाया जे आणतात ते त्यांच्या घरी रोज शिजणारं असतं.

जुडी घेताना तीन प्रश्न विचारा: याला काय म्हणता, कुठून आणली, आणि घरी कशी बनवता? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण “उबालके पानी फेंकना” हे ती सहज सांगून जाते आणि सुरक्षिततेचा अर्धा धडा त्यातच असतो. भाव करू नका. दहा-वीस रुपयांच्या जुडीबरोबर ती आपल्याला पिढ्यांची माहिती देत असते.

घरी आल्यावर जुडीतली एक काडी बाजूला काढा आणि रद्दीच्या कागदात दाबून वाळवा. शेजारी स्थानिक नाव, मराठी नाव आणि तारीख लिहा, आणि शास्त्रीय नाव शोधून तेही लिहा. स्थानिक नावांत घोळ होतो. एकाच नावाखाली दोन गावांत दोन वनस्पती असतात, आणि त्यातली एक खाण्याची नसू शकते. शास्त्रीय नाव मात्र एकाच झाडाचं असतं.

ओळख पक्की करणं

पानाच्या आकारावरून ओळखलेली वनस्पती ही ओळखलेली नसते. मी ज्या गोष्टी पाहते त्या अशा: पानं खोडावर समोरासमोर आहेत की आलटून-पालटून, पान तोडल्यावर चीक येतो का आणि कुठल्या रंगाचा, खोड गोल आहे की कोनदार, लव कुठे आहे, चुरगाळल्यावर वास कसा येतो, मुळाशी काय आहे (तंतू, कंद की कांदा), आणि फूल-शेंग कशी आहे. यातली शेवटची गोष्ट भाजी खुडायच्या वेळी नसतेच, कारण कोवळी भाजी फुलाआधीची असते. म्हणून पहिल्या वर्षी न खुडता त्याच जागी पुन:पुन्हा जायचं. जुलैत कोवळं रोप, ऑगस्टमध्ये फूल, ऑक्टोबरमध्ये शेंग असं पूर्ण आयुष्य पाहिलं की पुढच्या जुलैत कोवळ्या रोपावर हात ठेवताना मन अडखळत नाही. घाई असलेल्यांना हे जड जाईल, पण याला पर्याय नाही.

मोबाइलचं अ‍ॅप वापरा, हरकत नाही. त्याचं उत्तर म्हणजे शोधाची सुरुवात समजा. अ‍ॅपने नाव सांगितलं म्हणून काही तोंडात घालू नका. कोवळ्या, बिनफुलाच्या रोपाच्या फोटोवर ती अ‍ॅप्स सर्वांत जास्त चुकतात, आणि आपल्याला तर कोवळं रोपच हवं असतं.

काही झाडं खाण्यासाठी नव्हे, टाळण्यासाठी आधी पाठ करा. धोतरा, पिवळा धोतरा, कण्हेर, गुंज, कळलावी आणि चंद्रज्योत, जिला इथे रतनजोत म्हणतात. चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. कुंपणाला ती सर्रास लावलेली असते. मुलांना बरोबर नेणार असाल तर पहिला धडा याच झाडाचा द्या.

जागा : भाजीइतकीच जागा तपासा

इंदूरमध्ये विषारी रोपापेक्षा मोठी अडचण आहे दूषित जागेची. याबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून सविस्तर लिहिते.

कान्ह आणि सरस्वतीच्या काठावरचं, कुठल्याही नाल्यालगतचं काहीही खुडू नका. तिथली पालेभाजी सर्वांत लुसलुशीत दिसते, कारण तिला सांडपाणी मिळतं. पालेभाज्या मातीतले शिसे-कॅडमियमसारखे जड धातू शोषून पानांत साठवतात. ते धुऊन जात नाहीत आणि उकळूनही नाहीसे होत नाहीत. हाच नियम ए.बी. रोड, रिंगरोडच्या कडेला, रेल्वेरुळांजवळ, जुन्या कचराटाक्यांच्या जागी आणि पीथमपूर, सांवेर रोडसारख्या औद्योगिक भागांत. वर्दळीच्या रस्त्यापासून निदान शंभरेक पावलं आत गेल्याशिवाय मी पिशवी उघडत नाही.

आता शेतं. माळव्याचं खरिपाचं पीक म्हणजे सोयाबीन, आणि सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदुरातच खंडवा रोडला आहे. आपल्या बहुतेक पावसाळी रानभाज्या या शेतकऱ्याच्या दृष्टीने तण आहेत. पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत पेंडिमेथालिनसारखं, किंवा १५ ते २० दिवसांनी इमाझेथापायरसारखं तणनाशक फवारलं जातं, आणि नेमक्या त्याच सुमारास केना, तांदुळजा, घोळ कोवळी असते. रब्बीतही तसंच. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हात साधारण ३० ते ३५ दिवसांनी २,४-डी वगैरे फवारतात, आणि तेव्हाच चाकवत खुडण्याजोगा होतो.

म्हणून शेतात शिरण्याआधी शेतमालकाला दोन गोष्टी विचारायच्या: आत येऊ का, आणि दवा कधी मारली? “दवा नहीं मारी” असं उत्तर आलं तरी बांधावरच्या रोपांकडे बारकाईने पाहा. शेंडा पिवळा पडलेला, पान पिळवटलेलं, खोड वाकडं होऊन गाठाळलेलं दिसलं तर परत फिरा, वारा शेजारच्या शेतातली फवारणी घेऊन आलेला असू शकतो. ज्यांच्याकडे घरच्या खाण्यापुरतं बिनफवारणीचं शेत आहे अशा एका शेतकऱ्याशी ओळख जोडा. सिमरोल, देपालपूर, हातोद, कुठेही. तो तुम्हाला चाकवत उपटून न्यायला आनंदाने सांगेल, कारण त्याची निंदणी वाचते.

पहिल्या वर्षी ओळखायला शिकायच्या भाज्या

टाकळा. शास्त्रीय नाव सेना टोरा, इथे पुवाडिया म्हणतात. संयुक्त पान, म्हणजे एका देठावर अनेक छोटी पानं (त्यांना पर्णिका म्हणतात), पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, प्रत्येक पर्णिकेचं टोक गोलसर, शेंड्याकडे रुंद आणि देठाकडे निमुळती. संध्याकाळी पानं मिटतात. पुढे पिवळी फुलं आणि लांब, बारीक, विळ्यासारख्या वाकलेल्या शेंगा येतात. खुडायचा तो वीतभर उंचीच्या आतला, फूल येण्याआधी.

याचा जुळा धोकादायक आहे. तो कासविंदा, म्हणजे सेना ऑक्सिडेंटॅलिस. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या सहसा चार ते सहा, टोक गोल नसून अणकुचीदार, आणि पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी एक फुगीर ग्रंथी असते. शेंगा चपट्या, वर वळलेल्या, कडेला फिक्या. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दर हिवाळ्याच्या तोंडाशी एका गूढ आजाराने दगावत होती. यकृत, स्नायू आणि मेंदूवर एकदम आघात करणारा तो आजार कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने होतो, हे तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. तेव्हा टाकळ्याच्या पानात तीन जोड्या मोजल्याशिवाय आणि टोक गोल असल्याची खात्री केल्याशिवाय ते पिशवीत टाकू नका. ही मोजणी एका पानावर करून भागत नाही, प्रत्येक रोपावर करा, दोन्ही शेजारी-शेजारी उगवतात.

घोळ. पोर्टुलाका ओलेरेसिया. जमिनीलगत पसरणारं, लालसर, गुळगुळीत, रसदार खोड, चमच्याच्या आकाराची मांसल पानं शेंड्याशी गुच्छात, आणि सकाळच्या उन्हात उमलणारं पिवळं फूल. बहुतेक ठिकाणी एवढंच सांगतात की खोड मोडून बघा, दुधासारखा चीक आला तर ती दुधी नावाच्या तणाच्या कुळातली (दुधी भोपळ्याच्या नव्हे), टाकून द्या. पाणी आलं तर घोळ. हे अर्धंच खरं आहे. आपल्या काळ्या मातीत घोळीशेजारी पांढरी घेटुळी, म्हणजे ट्रायन्थेमा पोर्टुलाकास्ट्रम भरपूर उगवते. तिलाही चीक येत नाही, तीही मांसल आणि पसरट. इथे तिला बिसखपरा किंवा सांठी म्हणतात. तिची पानं समोरासमोर असतात आणि जोडीतलं एक मोठं, एक लहान. फूल पिवळं नसून पांढरट-गुलाबी, देठाच्या बगलेत अर्धं लपलेलं. काही जण ती कोवळी असताना खातात, पण जून झालेली पोट बिघडवते. नवशिक्याने पिवळं फूल दिसल्याशिवाय घोळ समजू नये.

तांदुळजा आणि काटेमाठ. इथली चौलाई. शिकायला सर्वांत सोपी, धोकादायक जुळं नाही म्हटलं तरी चालेल. काटेमाठाला पानाच्या बगलेत काटे असतात, शेंडे कोवळे असतानाच घ्या. फक्त उकिरड्यावरची आणि भरपूर युरिया टाकलेल्या जागेवरची नको, कारण माठ नायट्रेट साठवतो.

केना. कॉमेलिना बेंगालेन्सिस. निळं नाजूक फूल, समांतर शिरांचं रुंद पान, आणि पानाचा तळ जिथे खोडाला कवटाळतो तिथे तांबूस केस. ते केस हीच खूण. पानं बेसनात घोळून भजी उत्तम होतात. कुर्डूही याच दिवसांतली. कोवळी असताना पाला, पुढे गुलाबी-पांढरे तुरे आले की सोडून द्यायची.

चाकवत थंडीतला. चिनोपोडियम आल्बम. कोवळ्या शेंड्यावर आणि पानाच्या खालच्या बाजूला पिठूळ पांढरी पूड असते, बोटाला लागते. पान शंकरपाळ्याच्या आकाराचं, कडा दातेरी. ताकातला चाकवत, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून: इंदूरच्या डिसेंबरात याहून चांगलं मला काही सुचत नाही.

करटोली आणि फोडशी

करटोलीचा वेल कंदापासून दरवर्षी फुटतो. नर आणि मादी वेल वेगळे. फळ न येणारा वेल वांझ समजून उपटू नका, तो नर आहे आणि तो नसला तर शेजारच्या मादी वेलाला फळ धरणार नाही. फळं कोवळी, बिया टणक होण्याआधीची घ्या. आणि एक नियम कारलं सोडून सगळ्या वेलवर्गी फळांना लावा, घरच्या दुधी-काकडीलाही: जीभ आकसेल इतकी कडवट चव लागली तर थुंका, सगळी भाजी टाकून द्या. तो कडूपणा शिजवून जात नाही.

फोडशी म्हणजे मुसळीच्या कुळातल्या क्लोरोफायटमची कोवळी पाती. चव सुंदर आहे, पण नवशिक्याने ती स्वतः खुडू नये असं माझं ठाम मत आहे. जमिनीतून गवतासारखी पाती काढणारी बरीच झाडं पहिल्या पावसात एकदम वर येतात, आणि त्यात रानकांदा, म्हणजे ड्रिमिया इंडिकाही असतो. त्याच्या कांद्यातलं विष थेट हृदयावर परिणाम करतं. कळलावीही त्याच जंगलात फुटते. तिच्या पानाचं टोक पुढे कुरळ्या तणाव्यात वळतं आणि कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, पण जमिनीतून नुकत्या निघालेल्या कोंबावर ही खूण अजून आलेली नसते. कळलावीतलं कोल्चिसीन थोडंही जीवघेणं ठरतं. खात्री करायची तर मूळ खणून पाहावं लागतं, आणि मुसळी खणणं म्हणजे आधीच ओरबाडून विरळ झालेलं झाड संपवणं. म्हणून फोडशी हाटातूनच विकत घ्या.

झाडांवरचं

फळझाडं ओळखायला सोपी, त्यामुळे थोडक्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कांचनाच्या कळ्या येतात, इथली कचनार. उकडून, पिळून, दह्यात भाजी करतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह. एप्रिल-मेमध्ये तेंदू, चार, विलायती चिंच. मेअखेरीस मांडूची खिरणी, आणि तिथलीच गोरखचिंच, म्हणजे बाओबाब, जिचा आंबट गर मांडूत रस्त्यावर विकायला असतो. जूनमध्ये जांभूळ. दिवाळीच्या आगेमागे सीताफळ. थंडीत बोरं आणि आवळे.

मोहाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. धार, झाबुआ, अलीराजपूरकडे मोहाचं झाड जंगलात उभं असलं तरी गावात ते कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पहाटे गळलेली फुलं वेचणं हे त्या घराचं वर्षाचं उत्पन्न आहे. गाडी थांबवून पिशवी भरून घेणं ही चोरीच. तेंदू-चारोळीलाही हेच लागू. विकत घ्या, किंवा विचारून मूठभर चाखा.

कायदाही लक्षात घ्या. राळामंडल हे १९८९ पासून अभयारण्य आहे, तिथून पानही आणायचं नाही; १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. राखीव जंगलातून वनोपज काढायला १९२७ च्या वन कायद्यानुसार परवानगी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क तिथल्या वनवासी समाजांना दिला आहे, सहलीला आलेल्या आपल्याला नाही. चोरल-पातालपाणीकडे जाल तेव्हा डोळे आणि वही घेऊन जा. खुडायचं ते खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने.

खुडणं, धुणं, पहिला घास

सकाळी दव उतरल्यावर खुडा. शेंड्याची दोन-तीन पानं घ्या, रोप उपटू नका. एका जागेवरच्या चार रोपांपैकी एकाला हात लावला तर बाकीची बियाणं धरतात. प्रत्येक जातीला वेगळी कापडी पिशवी ठेवा. सगळं एकात कोंबलं की घरी निवडताना ओळख पटत नाही, आणि एखादी कासविंद्याची काडी टाकळ्यात मिसळून जाते.

निवडताना प्रत्येक काडी पुन्हा पाहा. ही दुसरी तपासणी शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाने करावी. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून तीन वेळा धुवा, पावसाळ्यात पानांच्या मागे अंडी-अळ्या असतातच. मग टाकळा, चाकवत, माठ, घोळ या सगळ्या भरपूर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून ते पाणी टाका. यात मुतखड्याला कारण ठरू शकणारं ऑक्झलेट बरंच निघून जातं. “जीवनसत्त्वं जातात” म्हणून पाणी ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ, चाकवत, आंबुशी टाळलेलीच बरी. बाकीच्यांनी ताक-दह्याबरोबर खावी, त्यातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला पोटातच बांधतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

टाकळा उकडून, पिळून, भरपूर लसणाच्या फोडणीत भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून परता. घोळ तुरीच्या डाळीत किंवा बेसन पेरून. सोबत मक्याची भाकरी, माळव्यात ज्वारीपेक्षा ती जास्त जुळते.

कुठलीही नवी भाजी पहिल्यांदा खाताना ती एकटीच शिजवा, दोन नव्या जाती मिसळू नका. दोन चमचे खा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. कच्ची काडी फ्रिजमध्ये ठेवून द्या. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना पहिल्या फेरीत देऊ नका. मात्र ही चाचणी तुमच्या पोटाला भाजी मानवते का एवढंच सांगते. ओळख चुकली असेल तर ती तुम्हाला वाचवणार नाही, आणि अळंबीला तर ती अजिबात लावायची नाही.

अळंबी

जुलैत वारुळांच्या आसपास पांढऱ्या छत्र्या उगवतात. त्यातली खाण्याजोगी म्हणून प्रसिद्ध ती टर्मिटोमायसिस, वाळवीबरोबर सहजीवन करणारी. वाळवी वारुळात बुरशीची बाग जोपासते आणि पावसात त्या बागेतून छत्री वर येते. म्हणून तिचा देठ जमिनीखाली लांब मुळासारखा खोल जातो, आणि छत्रीच्या मधोमध टणक, टोकदार उंचवटा असतो. बीजाणूंचा, म्हणजे छत्रीतून गळणाऱ्या बारीक बीजकणांचा, ठसा फिका गुलाबीसर पडतो (ठसा कसा घ्यायचा ते पुढे सांगते). पूर्व मध्य प्रदेशात सालाच्या झाडांखाली जमिनीतच गोट्यांसारखा ‘बोडा’ मिळतो, त्याच्या गोष्टी ऐकून इथे शोधत बसू नका. माळव्यात साल नाही, त्यामुळे तो बोडाही नाही.

इथे कॉलनीच्या बागांत, लॉनवर, शेणखत टाकलेल्या कुंड्यांजवळ जी भलीमोठी, तपकिरी खवल्यांची पांढरी छत्री उगवते ती क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस असण्याची शक्यता मोठी. दिसायला अगदी भाजीची. कोवळेपणी तिच्या खालच्या पाकळ्या पांढऱ्या असतात, नंतर हिरवट होतात, देठावर सरकणारं कडं असतं. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब. ठसा घेऊन पाहिला तर हिरवा येतो. ठसा घेणं सोपं आहे: देठ कापा, छत्री अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवा, वरून पेला झाका, रात्रभर राहू द्या. हा प्रयोग मुलांबरोबर जरूर करा, फक्त हात धुऊन. शिकण्यासाठी, खाण्यासाठी नव्हे.

अमानिटा कुळातल्या काही जाती याहून फार भयंकर. त्यांच्या देठाच्या बुडाशी मातीत पिशवीसारखं वेष्टण असतं, वरून छत्री तोडणाऱ्याला ते कधी दिसतच नाही. त्यातल्या अ‍ॅमाटॉक्सिनची लक्षणं सहसा सहा ते बारा तास, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात. उलट्या-जुलाब होतात, मग दिवसभर बरं वाटतं, आणि त्याच वेळात यकृत नष्ट होत असतं. शिजवून, वाळवून, उकळून हे विष जात नाही.

चांदीचं नाणं काळं पडलं नाही, लसूण काळा झाला नाही, किड्यांनी खाल्लेली आहे, पांढरी आहे, वारुळापाशी उगवली आहे, म्हणून चांगली. या सगळ्या समजुती खोट्या आहेत आणि यांच्या भरवशावर माणसं मेली आहेत. किड्याचं शरीर आणि आपलं यकृत वेगळं.

माझा सल्ला सरळ आहे: रानातली अळंबी स्वतः वेचून खाऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा, तीच जात वेचणाऱ्या माणसाच्या घरी, त्याने वेचलेली, त्याच्याबरोबर बसून खाल्लीत तर गोष्ट वेगळी. अळंबीची आवड असेल तर घरी धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, लावा. गव्हाचा भुसा किंवा सोयाबीनचं कुटार गरम पाण्यात निर्जंतुक करून, निथळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बियाण्याचे थर देत भरायचं, भोकं पाडायची, अंधाऱ्या खोलीत पंधरा-वीस दिवस ठेवायचं, मग पिशवी उघडून पाणी शिंपडायचं. इंदूरची नोव्हेंबर ते फेब्रुवारीची हवा तिला मानवते. कृषी विज्ञान केंद्रात याची माहिती मिळते, आणि हिमाचलातल्या सोलनला तर अळंबीसाठी वेगळी राष्ट्रीय संशोधन संस्थाच आहे.

काही बिघडलं तर

काहीही रानातलं खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, गरगरणं, धूसर दिसणं, छातीत धडधड किंवा गुंगी आली तर घरगुती उपाय करत बसू नका. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न नको, दूध-तूप नको. १०८ ला फोन करा किंवा थेट एम.वाय. किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, तो आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा. फ्रिजमधली कच्ची काडी, शिजलेली उरलेली भाजी, आणि उलटीचा थोडा नमुना झाकणाच्या डब्यात बरोबर न्या. डॉक्टरांना खाल्ल्याची वेळ आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ, दोन्ही सांगा. अळंबी खाल्ली असेल तर मधेच बरं वाटू लागलं तरी रुग्णालयातून घरी येऊ नका, आणि ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्या सगळ्यांना, लक्षणं नसली तरी, त्याच वेळी तपासून घ्या.